दहापैकी नऊ

४ सप्टेंबर, सोमवार

आज मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावून घेतलं. मला वाटलं वेळापत्रकाचं काहीतरी असेल. मुख्याध्यापिका झाल्यापासून त्या मला वेळापत्रकासाठीच बोलावतात. तर त्यांनी एक जाडजूड पाकीट पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "शाळेतली मुलं किती सुखात आहेत, ते मोजायचंय. संचालक मंडळाला आकडा हवाय. तुम्ही गणिताच्या, तुम्हालाच जमेल."

मी म्हटलं, "बाई, सुखाचं एकक काय?"

त्यांना विनोद कळला नाही. किंवा कळला आणि आवडला नाही.

पाकिटात प्रश्नावली आहे आणि ती कशी भरून घ्यायची याची एक पुस्तिका. प्रत्येक वाक्यापुढं मुलांनी शून्य ते दहामधला आकडा लिहायचा. झोप नीट लागते. काही बिनसलं तर सांगायला माणूस आहे. उद्याचा दिवस बरा जाईल असं वाटतं. अशी वाक्यं. पुस्तिकेत असंही लिहिलंय की मोजणाऱ्यानं रोजनिशी ठेवावी, जे दिसेल आणि ज्याबद्दल शंका येईल ते लिहावं. म्हणून हा उद्योग. मला शंका फारशा येत नाहीत, पण सांगितलेलं काम मी करते.

५ सप्टेंबर, मंगळवार

वर्गात नेण्याआधी प्रश्नावली एकदा घरी करून बघावी म्हटलं. भाचीला बसवलं.

इथं थोडं लिहून ठेवते. ही माझ्या दादाची मुलगी, नववीत आहे. वहिनीचे उपचार चालू आहेत, त्यासाठी दादा-वहिनी लांबच्या शहरात, मोठ्या हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहिलेत. म्हणून उन्हाळ्यापासून पोरगी आमच्याकडे. शाळा तिची जुनीच आहे, इथून बसनं जाते. सोडायला आला तेव्हा दादा दारातच तिला म्हणाला होता, "आत्याला त्रास द्यायचा नाही हं." तिनं तो शब्द असा पाळलाय की विचारू नका. ताट धुऊन ठेवते. दार इतकं हळू लावते की घरात आहे की नाही कळत नाही. मी कोबी केला तर कोबी, काही नाही केलं तर काही नाही. माझ्या मैत्रिणी त्यांच्या पोरांची रडगाणी गातात तेव्हा मला उगाच लाज वाटते.

तर तिनं भराभर आकडे लिहिले. एकदाच थांबली आणि विचारलं, "आत्या, हे बाबा बघणार?"

"बघणार नाही गं. पण मी सांगेन त्याला, काळजी मिटेल त्याची."

मग तिनं एका ठिकाणी खोडरबर लावला आणि पुन्हा लिहिलं. सगळीकडे नऊ. मी म्हटलं, दहा का नाही गं? तर म्हणाली, "दहा जरा जास्त वाटेल."

किती समंजस! ह्यांना कागद दाखवला. ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांचे डोळे तपासतात. कागद लांब धरून म्हणाले, "फारच सरळ रेघ आहे ही."

मी म्हटलं, तुम्ही चष्मा लावा आधी.

११ सप्टेंबर, सोमवार

शिक्षकांची बैठक. मी प्रश्नावली समजावून सांगितली, सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षीच्या नेमणुका ठरवताना हे आकडे माझ्यासमोर असतील." हे पुस्तिकेत नाही. पण मी काही बोलले नाही, चहा निवत होता.

आठवीच्या वर्गशिक्षिका समोरच बसल्या होत्या. विज्ञान शिकवतात, गेल्याच वर्षी आल्या, करारावर आहेत. गळ्यात सदान्कदा भिंग अडकवलेलं असतं म्हणून पोरं त्यांना भिंगबाई म्हणतात. त्यांचा चेहरा एकदम उतरला. पित्ताचा त्रास असेल.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

सगळ्या वर्गांचे कागद आले. दोन दिवस बेरजा करतेय. बाकी वर्ग जसे असतात तसे. कुणी सात, कुणी चार, एका महाशयांनी सगळीकडे शून्य लिहून खाली बोकडाचं चित्र काढलंय.

आणि आठवीत दहा. एकूणएक पोराचं, एकूणएक वाक्याला दहा.

मोठ्या बाई खुर्चीतून उठल्याच. "म्हणजे आपल्याकडे असा एक वर्ग आहे! हे मंडळासमोर मांडायचं. फोटोसकट."

मी इतकी वर्षं पेपर तपासतेय. एका बाकावरची दोन पोरं सारखी चुकली की मी कॉपी धरते. इथं अख्खा वर्ग सारखा. आणि खरी गंमत पुढंच. प्रश्नावलीत एक वाक्य मुद्दाम उलटं घातलंय: 'मला शाळेत एकटं वाटतं.' तिथंही सगळ्यांनी दहाच लिहिलेत. म्हणजे वर्ग पराकोटीचा सुखी आणि वर्गातला प्रत्येक जण पराकोटीचा एकटा.

मोठ्या बाईंना हे दाखवलं. त्या म्हणाल्या, "ते एक वाक्य गाळता नाही का येणार?"

१६ सप्टेंबर, शनिवार

दादाचा फोन. त्याला सांगितलं, पोरगी मजेत, रीतसर मोजून घेतलंय, दहापैकी नऊ. तो हसला. किती दिवसांनी हसला. म्हणाला, "हिला सांगतो. हिला तीच काळजी खाते."

भाची शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती. ऐकलं असेल तर तिलाही बरं वाटलं असेल.

१८ सप्टेंबर, सोमवार

आठवीत गेले आणि सरळ विचारलं, "कोणी कोणाचं बघून लिहिलं?"

सगळे खाली बघत बसले. मी जरा आवाज चढवला. त्यानं काहीच झालं नाही, फक्त पुढच्या बाकावरचा एक जण रडायला लागला. बाहेर पडताना मला वाटलं, सुख मोजायला आले होते आणि हे काय करून चालले.

मधल्या सुट्टीत वर्गाची मॉनिटर स्टाफरूमच्या दाराशी आली. उंच, हडकुळी, शेवटच्या बाकावर बसते. सगळे तिला शिडी म्हणतात आणि तिला ते आवडतं.

"बाई, रागावणार नसाल तर सांगते."

"रागावणार. पण सांग."

"कमी मार्क पडले की बाईंना काढणार आहेत ना?"

"कुठल्या बाईंना?"

"आमच्या. भिं... आमच्या वर्गाच्या. ऑफिसबाहेर ऐकलं मी, मोठ्या बाई फोनवर बोलत होत्या. मग आम्ही ठरवलं, सगळीकडे दहा."

"त्यांनी सांगितलं तसं करायला?"

"नाही हो! त्यांना कळलं तर त्या आम्हालाच ओरडतील."

"आणि एकटं वाटतं तिथंही दहा?"

तिनं जीभ चावली. "ते असं उलटं होतं? कोणी वाचलंच नाही, बाई. सगळीकडे दहा म्हटलं होतं ना." मला हसू आलं, तीही हसली. मग म्हणाली, "मुंगीनं वाचून लिहिलं असेल पण."

मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी, यंदाच नव्यानं आलीये. शिडी म्हणाली, ती मधल्या सुट्टीत डबा घेऊन ग्रंथालयाच्या बोळात जाऊन बसते. डबा उघडतही नाही. हिनं दोनदा बोलावलं, ती नको म्हणाली.

मी जागेवर येऊन आठवीचा गठ्ठा पुन्हा चाळला. सगळ्यांचे दहा सारखेच दिसतात. त्यातला एक दहा खरा असला तर तो ओळखायचा कसा, याचं कुठलंही सूत्र मला येत नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार

भिंगबाईंशी बोलले. बिचाऱ्या हादरल्याच. "शपथेवर सांगते, मी मुलांना एक अवाक्षर बोलले नाही." मी म्हटलं, माहीत आहे. मग पोरांनी हे का केलं ते सांगितलं, तर त्या भिंग डोळ्याला लावून खिडकीबाहेर बघत बसल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

नंतर मोठ्या बाई. चांगलीच जुंपली.

"पुन्हा घ्यायचं म्हणता? मंडळाला काय सांगू? आमची मुलं खोटारडी आहेत?"

"मुलं बाईंना वाचवत होती. आणि भीती आपण घातली. नेमणुकांचं बोलायलाच नको होतं."

"तेव्हा का नाही बोललात?"

चहाचं कारण सांगण्यासारखं नाही. शेवटी म्हणाल्या, "तुम्हीच मांडा मंडळासमोर. मी नाही."

घरी येऊन सगळं जेवताना सांगितलं. हे म्हणाले, त्यांच्या दुकानातही असं होतं. रांगेतली पोरं पुढच्याचं ऐकून तक्त्यावरची अक्षरं पाठ करतात, नापास होऊ म्हणून. मग चष्मा लागायचा तो लागत नाही आणि फळ्यावरचं दिसायचं ते दिसत नाही.

भाची म्हणाली, "मग तुम्ही काय करता, काका?"

"तक्ता बदलतो. आणि सांगतो, दिसत नाही म्हटलंस तरी चालेल."

तिनं पानातलं संपवलं. मग उठून ताटं धुवायला घेतली. मी म्हटलं राहू दे, तर म्हणाली, "मला त्रास नाही होत."

२९ सप्टेंबर, शुक्रवार

मंडळाची बैठक झाली. घसा बसलाय.

अध्यक्ष निवृत्त वकील. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बाई, दहापैकी दहा मिळालेत आणि तुम्ही तक्रार घेऊन आलात?"

मी तयारी केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "समजा, ताप निघाला की पोराला नाही तर त्याच्या आईला शिक्षा, असा नियम केला. तर पोरं थर्मामीटर झटकूनच तुमच्या हातात देतील. मग तुमच्याकडे आकडा असेल, पण पोर तापलेलंच राहील. हे आकडे नेमणुकांना जोडायचे असतील तर मला काम नको. दुसऱ्या कुणालाही द्या."

असं मी बोलले! मोठ्या बाई टेबलाकडे बघत होत्या. अध्यक्षांनी डावी-उजवीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला तीन नाती आहेत. विचारलं की तिघी म्हणतात, मस्त. मला कधी पटत नाही."

ठराव झाला. आकड्यांचा नेमणुकांशी संबंध नाही. पुन्हा घ्यायचं, नावाशिवाय. जिना उतरताना मोठ्या बाई म्हणाल्या, "थर्मामीटरचं बरं सुचलं तुम्हाला." त्यांच्या तोंडून हे म्हणजे हारतुरेच.

३ ऑक्टोबर, मंगळवार

आठवीत पुन्हा गेले. आधी माफी मागितली, मागच्या वेळी ओरडले त्याबद्दल. पोरं अशी बघायला लागली, जणू फळा बोलला. मग सांगितलं की नाव लिहायचं नाही, बाईंच्या नोकरीचा याच्याशी काडीचा संबंध नाही, ठराव झालाय. भिंगबाईंना वर्गाबाहेर पाठवलं.

रडणारा तो पुढच्या बाकावरचा. त्यानंच हात वर केला. "बाई, मोजून तुम्ही काय करणार?"

पुस्तिकेत याचं उत्तर असेल, मी वाचलं नव्हतं. मी म्हटलं, "कागदाच्या मागं एक गोष्ट लिहा, जी बदलली तर बरं वाटेल. जमेल ते करू. जमणार नाही ते का नाही, ते वर्गात येऊन सांगेन."

"नक्की?"

"नक्की."

आज सगळे वाचून लिहीत होते. पेन चावत होते, खोडत होते.

९ ऑक्टोबर, सोमवार

आठवी सहावर आली. मोठ्या बाईंनी डोकं धरलं. "तीन आठवड्यांत वर्ग इतका दुःखी कसा झाला?"

"झाला नाही बाई. तो होताच. आता आपल्याला कळलं."

कागदांच्या मागचं वाचत बसलो, दोघी. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कड्या तुटल्यात, एकीला बाहेर पहारा द्यायला लागतो. मधली सुट्टी एवढीशी की डबा गिळावा लागतो. घरी भांडणं होतात तेव्हा अभ्यास होत नाही आणि ते कुणाला सांगता येत नाही. एकानं लिहिलंय, 'मला पळायला आवडतं पण मैदानावर मोठी मुलं असतात.' वाचता वाचता मोठ्या बाई म्हणाल्या, "कड्यांचं मला कुणी बोललं का नाही?" मग शिपाईमामांना हाक मारली.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

कड्या बसल्या. मधली सुट्टी वाढली. मैदानाचा एक कोपरा लहान वर्गांसाठी राखला. मंगळवारी समुपदेशक येऊ लागल्यात, ज्याला बोलायचं असेल त्यानं जायचं. दिवाळीची सुट्टी महिनाभराची करा, असंही दोघातिघांनी लिहिलं होतं. ते का जमणार नाही, ते वर्गात जाऊन सांगितलं. पोरांना नकारसुद्धा आवडला, म्हणाले, निदान वाचलं तरी.

आज ग्रंथालयाच्या बोळात गेले. मुंगी होतीच. मी माझा डबा उघडून शेजारी जमिनीवर बसले. उठताना काय होईल याचा विचार केला नव्हता. मग मी म्हटलं, "शिडी बोलावते म्हणे तुला."

"बोलावते."

"मग?"

"बोलावतात सगळ्या. पण सरकत कोणी नाही."

"म्हणजे?"

"बाकावर चौघी बसलेल्या असतात. ये म्हणतात. मी उभीच राहते."

मला आधी कळलंच नाही. मग पाहिलं जाऊन. बाक खरंच चौघींचाच आहे. शिडीला हाक मारली, तळघरातून एक जुना बाक काढला, सगळ्यांनी मिळून ओढत आणला. शिडी म्हणाली, "अगं, हे सांगायचंस ना!" मुंगी म्हणाली, "काय सांगणार, सरका?" आणि सगळ्या खो खो हसल्या. मुंगीही.

एका बाकानं सगळं सुटलं, असं मला वाटत नाही. तिला झोप लागत नाही म्हणते. मंगळवारी जाशील का विचारलं, तर मान हलवली. भिंगबाई सोबत जाणार आहेत. आज डबा मात्र उघडला होता.

४ नोव्हेंबर, शनिवार

आज घरात जे झालं ते लिहायची इच्छा नाही, पण लिहिते.

दुपारी दादाचा फोन आला. वहिनीच्या तपासण्या बऱ्या आल्यात, औषधं लागू पडताहेत. मग वहिनीनं फोन घेतला, आवाज बारीक झालाय तिचा. म्हणाली, "पोरगी रुळली ना, सुटले मी. माझ्यावाचून तिचं अडत नाही, हेच चांगलं." मी म्हटलं, "काही अडत नाही, अगदी मजेत आहे."

भाची दारात उभी होती. आणि एकदम ओरडली. त्या पोरीला असा आवाज आहे, हेच मला माहीत नव्हतं.

"मी मजेत नाहीये! तू का सांगतेस आईला असं? तिला वाटतं मला तिची आठवण येत नाही!"

मी फोन हातात धरून तशीच. ती थांबेचना. रोज बसमध्ये रडते म्हणाली. बाबांना काळजी नको म्हणून नऊ लिहिलं, आधी तीन लिहिला होता. सकाळी मी रेडिओ लावते त्यानं तिचं डोकं उठतं. आणि कोबी! "मला कोबी आवडत नाही! कधीच आवडला नव्हता! वास येतो!"

मी म्हटलं, "मग सांगायचंस ना."

"कसं सांगणार? त्रास द्यायचा नाही म्हणाले होते ना बाबा!"

फोन चालूच होता. तिकडून वहिनी हाका मारत होती. पोरीनं फोन ओढून घेतला, खोलीत गेली आणि दार असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ वाकडं झालं. आतून कितीतरी वेळ रडण्याचा आवाज. मग बोलण्याचा. मग, मला नीट ऐकू आलं असेल तर, हसण्याचा.

मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. अख्ख्या शाळेचा तक्ता बदलला मी, आणि घरातला तीन मला वाचता आला नाही. हे दुकानातून आले, मी सगळं सांगितलं. म्हटलं, उन्हाळ्यापासून मुकाट गिळत होती, आणि आज एकदम असं. ह्यांनी घड्याळ सरळ केलं आणि गालातल्या गालात हसत राहिले. मी विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे? तर म्हणाले, "काही नाही. बरं वाटलं."

कमाल आहे.

दादाला फोन करून सांगितलं, पुढच्या रविवारी हिला घेऊन येतेय. आणि वहिनीला म्हटलं, तुझ्यावाचून अडतंय, चांगलंच अडतंय. ती रडली. पण छान रडली.

१९ नोव्हेंबर, रविवार

गेल्या रविवारी भेटून आलो. मायलेकी दिवसभर एकमेकींना चिकटून. आता दर पंधरवड्याला जायचं ठरलंय.

बाकी घराची पार रया गेलीये. बैठकीत तिचे मोजे, खुर्चीवर दप्तर, टेबलावर अर्धवट चित्रं. रेडिओ आता मी हळू लावते, तरी आतून ओरडते, "आत्या, अजून हळू!" काल जेवणावरून तोंड वाकडं केलं. दुपारी ह्यांच्याशी पत्त्यांवरून भांडली, काका पत्ते लपवतात म्हणून. लपवतात, ते खरं आहे. पण मोठ्यांशी असं बोलतात का? सुरुवातीची ती गुणी पोर कुठं गेली कोण जाणे.

आत्ता हे लिहितेय, तर न्हाणीघरातून हाका चालल्यात. "आत्याऽऽ! टॉवेऽऽल!" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल. जाताना टॉवेल घेऊन जावा, एवढं साधं कळू नये? चांगलं फैलावर घ्यायला हवं एकदा.

घेऊन जाते आधी, नाहीतर गारठेल.